मधाला आधी ‘कोणत्या फुलाचा?’ हे विचारा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘अस्सल मध कसा ओळखाल?’ ही चौकट वाचली. ग्लासभर पाण्यात थेंब सोडा, तळाशी गेला तर शुद्ध. टिपकागदावर ठेवा, पसरला तर भेसळ. काडी मधात बुडवून ओढा, पेटली तर शुद्ध. आणि शेवटी ठळक अक्षरांत, ‘बाटलीत साखर जमली की समजा, फसवणूक झाली.’

मी एका अन्नतपासणी प्रयोगशाळेत एकवीस वर्षं मध तपासला; दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पहिल्या तीन चाचण्यांसाठी मी कागद-पेन हातात घेतलं नसतं. त्या तिन्ही एकच गोष्ट सांगतात, की समोरचा द्रव किती घट्ट आहे. साखरेचा पाक तेवढाच आटवला तर तोही तळाशी जातो, तोही कागदावर पसरत नाही आणि काडीही पेटते. त्यातून करमणूक होते, नुकसान फारसं होत नाही. चौथ्या ओळीने मात्र नुकसान होतं, आणि ते नेमकं चांगल्या मधाचं होतं.

मधात दोन मुख्य साखरा असतात, फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या जोनाथन व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली त्यांच्या देशातल्या ४९० नमुन्यांचे आकडे प्रसिद्ध केले. त्यांची सरासरी फ्रुक्टोज ३८ टक्के, ग्लुकोज ३१ टक्के आणि पाणी १७ टक्के अशी आहे. आमच्या प्रयोगशाळेत हा सरासरीचा तक्ता भिंतीवर लावलेला होता आणि नव्या माणसाला सगळे मध एकाच आकड्याने तोलायचा मोह पडायचा. मलाही पडला होता. ते पुढे सांगते. फ्रुक्टोज तेवढ्याशा पाण्यात सुखाने राहतं. ग्लुकोजला दाटी होते, मग ते रवे धरून बाहेर पडतं. ग्लुकोजच्या टक्क्यांना पाण्याच्या टक्क्यांनी भागा: उत्तर १.७ च्या खाली आलं तर मध बराच काळ पातळ राहतो, २.१ च्या वर गेलं तर लवकर थिजतो. रॉबिनियाच्या फुलांचा मध (बाजारात त्याला ‘अकेशिया’ म्हणतात) वर्ष-वर्ष काचेसारखा नितळ राहतो, कारण त्यात ग्लुकोज कमी आणि फ्रुक्टोज त्याच्या दीडपटीहून जास्त. रेपसीड, म्हणजे आपल्या मोहरीचीच बहीण, तिच्या मधात ग्लुकोज फ्रुक्टोजच्या बरोबरीला येतं. हा मध काढायला मधपाळाने थोडा उशीर केला तर तो पोळ्यातच गोठतो आणि मग यंत्रात कितीही फिरवा, बाहेर येत नाही. दोन्ही मध शुद्ध आहेत. माश्या वेगळ्या शेतात गेल्या, एवढंच.

आता ‘साखर जमली म्हणजे भेसळ’ या समजुतीने काय होतं पाहा. गिऱ्हाईक बाटली परत आणून देतं. परत येऊ नये म्हणून भरणारा माणूस मध आधीच तापवतो आणि इतका बारीक गाळतो की रवा धरायला आत एक कणही उरू नये. तापवलं की मधातले एन्झाइम मरतात आणि एचएमएफ नावाचं संयुग वाढतं. म्हणजे वाचकाला ‘शुद्ध’ दिसणारा मध मिळावा म्हणून चांगला मध शिजवला जातो. आपल्या चौकटीने या शिजवण्याला आणखी एक कारण दिलं.

माझी स्वतःची चूक सांगते. नोकरीचं तिसरं वर्ष होतं. एक नमुना आला, फिकट, सुवासिक. सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, ७.६ टक्के निघालं. मर्यादा ५. डायास्टेज हे एन्झाइम ६ एकक निघालं, किमान ८ हवं होतं. जास्त साखर आणि कमी एन्झाइम, म्हणजे पाक मिसळला, हा हिशेब मी एका मिनिटात केला आणि दोन्ही आकड्यांखाली लाल रेघ ओढली. अहवाल गेला. खरेदीदाराने सगळा माल परत केला.

पंधरा दिवसांनी मधपाळ स्वतः आला. भांडायला आलाय असं वाटून मी उभीच राहिले. तो बसला, पिशवीतून त्याच मधाची बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “मॅडम, माझ्या माश्यांनी साखर कुठून आणली तेवढं सांगा, मी पेट्या जाळून टाकतो.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचे वरिष्ठ आतून आले. त्यांनी बाटलीला हात न लावता त्याला एकच विचारलं, “पेट्या कुठे ठेवल्या होत्या?”

“संत्र्याच्या बागेत. फुलोरा होता तोवर.”

वरिष्ठांनी कपाटातून कोडेक्सचं मानक काढलं (खाद्यपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी ही संस्था) आणि सुक्रोजच्या ओळीखाली बोट ठेवलं. सर्वसाधारण मधाला ५ टक्के. त्याखाली अपवाद: लसूणघास, संत्रावर्गीय झाडं, रॉबिनिया आणि इतर काही यांना १० टक्के. लव्हेंडर आणि बोरेजला १५. डायास्टेजसाठीही तसंच: साधारण मधाला ८, ज्यात ते मुळातच कमी असतं त्याला ३. मी वरची ओळ वाचली होती, खालची वाचली नव्हती.

त्या दिवशी वरिष्ठांनी मला एचएमएफ मोजायला लावलं. किलोला ४ मिलिग्रॅम निघालं. मर्यादा ४० आहे. यात सगळा उलगडा होता. तापवल्यामुळे डायास्टेज मेलं असतं तर त्याच वेळी एचएमएफ चढलेलं दिसलं असतं. इथे दोन्ही कमी. म्हणजे मध ताजा, न तापवलेला, आणि डायास्टेज पहिल्यापासूनच बेताचं. संत्र्याच्या बागेत मकरंद एका झटक्यात उदंड येतो आणि तोही घट्ट. माशी एरवी मकरंद पुन्हा पुन्हा तोंडातून फिरवते, त्यात आपल्या ग्रंथींमधलं एन्झाइम मिसळते, त्याने सुक्रोज तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. कामाची एवढी झुंबड असली की हे फिरवणं कमी होतं; एन्झाइम कमी पडतं, सुक्रोज थोडं शिल्लक राहतं. आम्ही सुधारित अहवाल दिला. पण माल परत येऊन पडलेला होता आणि त्या माणसाचा तो हंगाम गेला, तो गेलाच. लाल पेन मी त्यानंतर वापरलं नाही.

तेव्हापासून मी मानक वाचताना आधी अपवाद वाचते. सगळी गंमत तिथेच आहे. पाणी २० टक्क्यांपर्यंत चालतं, पण युरोपातल्या माळरानांवर फुलणाऱ्या हेदरच्या मधाला २३ पर्यंत सूट. (हा मध जेलीसारखा असतो; ढवळला की पातळ होतो, ठेवला की पुन्हा थिजतो. त्यातल्या प्रथिनांमुळे असं होतं.) एचएमएफ ४०, पण उष्ण प्रदेशातल्या मधाला ८०, कारण तिथे ते शेल्फवर नुसत्या हवेच्या उष्णतेनेही वाढतं. विद्युतवाहकता फुलांच्या मधाला ०.८ च्या आत हवी, पण चेस्टनटच्या मधाला ती ०.८ च्या खाली आली तरच शंका घ्यायची. वाहकता म्हणजे ढोबळमानाने खनिजं, त्यातही मुख्यतः पोटॅशियम. चेस्टनटचं झाड ते मकरंदात भरपूर सोडतं. मावा किंवा तुडतुडे झाडाचा रस शोषून पानांवर जो गोड चिकटा टाकतात, तो माश्यांनी गोळा केला तर त्या मधातही खनिजं भरपूर आणि रंग काळपट. तो फुलाचा मध नाहीच, तरी मधच आहे आणि मानकात त्याला स्वतंत्र जागा आहे.

वासाचं काय सांगू! संत्र्याच्या मधात मिथाइल अँथ्रॅनिलेट असतं, ते फुलासारखंच दरवळतं. कुट्टूचा मध उघडला की गोठ्याची आठवण होते. आमच्याकडच्या एका नव्या मुलीने तो ‘खराब झालेला’ म्हणून बाजूला काढून ठेवला होता. सार्डिनिया बेटावर अर्ब्युटसच्या झाडाचा मध चक्क कडू लागतो, आणि त्याची ओळख पटवणारं द्रव्य, होमोजेंटिसिक आम्ल, प्रयोगशाळेत सरळ मोजता येतं.

आणि ‘शुद्ध’ या शब्दावर ज्यांचा फार जीव आहे त्यांच्यासाठी काळ्या समुद्राच्या काठचा मध. तिथे ऱ्होडोडेंड्रॉनचं रान आहे आणि त्याच्या मकरंदात ग्रेयानोटॉक्सिन नावाचं विष असतं. इसवी सनपूर्व ४०१-४०० च्या सुमारास ग्रीक सैन्य आजच्या तुर्कस्तानातल्या त्राब्झोनजवळ मुक्कामाला होतं. सैनिकांनी पोळी फोडून मध खाल्ला आणि रांगेने आडवे झाले; उलट्या, भ्रम, उभं राहता येईना. तीन-चार दिवसांत सावरले, असं त्यांच्यातल्याच झेनोफोनने लिहून ठेवलं आहे. तो मध माझ्या टेबलावर आला असता तर साखर, पाणी, एचएमएफ, डायास्टेज, सगळ्यांत पास झाला असता. भेसळ शून्य. फूल कोणतं होतं हे विचारलं नसतं तर मीही त्यावर सही केली असती.

फुलाइतकीच जागा महत्त्वाची. यासाठी मी नेहमी एक उदाहरण देते, कारण ते ऐकून लोक गप्प होतात. १९५० आणि ६० च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांतून सीझियम-१३७ हा किरणोत्सारी घटक हवेत गेला आणि पावसाबरोबर जमिनीवर उतरला. त्याचं अर्धायुष्य सुमारे तीस वर्षांचं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेच्या पूर्व भागातल्या मधाचे १२२ नमुने तपासले, आणि ६८ नमुन्यांत ते सीझियम अजून सापडलं. त्याचं प्रमाण खाणाऱ्याने घाबरावं असं नव्हतं. विचार करायला लावणारी गोष्ट दुसरीच आहे. सीझियम मातीत कमी-अधिक पडलं होतं, पण मधात ते चढलं ते जिथे मातीत पोटॅशियमची टंचाई आहे तिथे. झाडाला पोटॅशियम हवं असतं. ते मिळेना तेव्हा मुळांनी त्याच्यासारखंच दिसणारं सीझियम उचललं, फुलापर्यंत नेलं, आणि माशीने ते पोळ्यात आणून ठेवलं. साठ वर्षांपूर्वीचा पाऊस आणि पायाखालची माती, दोन्हींची नोंद एका चमचाभर मधात.

पॅरिसमध्ये एप्रिल २०१९ मध्ये नोत्र दाम या जुन्या चर्चच्या छपराला आग लागली. त्या छपरात शिसं होतं. त्याच वर्षी शहरातल्या पेट्यांमधला मध तपासला तेव्हा धूर ज्या दिशेला गेला त्या बाजूच्या पेट्यांत शिसं जास्त निघालं. शहरातला मध खाऊ नका, असा याचा अर्थ नाही. ते प्रमाणही मर्यादेत होतं. पण माशी दोन-तीन किलोमीटरच्या परिघात दिवसभर फिरते आणि जे आहे ते घेऊन येते. २०१२ साली फ्रान्सच्या अल्सास भागात मधपाळांना पोळ्यांत निळा आणि हिरवा मध सापडला होता. जवळच्या एका बायोगॅस प्रकल्पात रंगीत चॉकलेट गोळ्यांचा टाकाऊ माल पडलेला होता. माश्यांना तोही फुलोराच वाटला.

मग फूल ओळखायचं कसं? जुना मार्ग परागकणांचा. मध पाण्यात विरघळवायचा, नळी यंत्रात गरगर फिरवायची, तळाशी बसलेला गाळ काचपट्टीवर घ्यायचा. मला हे काम फार आवडायचं. चेस्टनटचा कण इवलासा, तांदळाच्या कणीसारखा. सूर्यफुलाचा गोल आणि अंगभर काटे. पण मोजणीत फसगत असते. चेस्टनटचे कण इतके पडतात की खरा चेस्टनटचा मध म्हणायला बहुतांश कण त्याचेच दिसावे लागतात. संत्र्याचे दहा-वीस टक्के दिसले तरी पुरे, कारण ते मकरंदात मुळात फारसे पडतच नाहीत. सरसकट ‘४५ टक्क्यांहून जास्त कण तर त्या फुलाचा मध’ असं म्हणणाऱ्याने संत्र्याच्या मधपाळावर पुन्हा अन्याय केला असता.

न्यूझीलंडच्या मानुका मधाची गोष्ट याहून पेचाची. त्याची जंतुनाशक ताकद मिथाइलग्लायॉक्सालची, हे ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. ते मकरंदातल्या डायहायड्रॉक्सीॲसिटोनपासून बाटलीत हळूहळू तयार होतं, म्हणजे साठवल्यावर काही काळ वाढतं. पण मानुका आणि शेजारीच वाढणारं कानुका यांचे परागकण सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे काढता येत नाहीत. शेवटी तिथल्या सरकारने २०१८ पासून निर्यातीच्या मानुकासाठी चार रसायनं आणि मानुकाच्या परागकणाचा डीएनए अशी पाच अंगांची व्याख्याच लागू केली. एका झुडपासाठी एवढं. बाकीच्या शेकडो फुलांना ‘मध’ हे एकच नाव.

मी भेसळ होत नाही असं म्हणत नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत आयात मधाच्या ३२० नमुन्यांपैकी १४७ संशयास्पद निघाले. मका किंवा उसाचा पाक कार्बनच्या समस्थानिकांवरून पकडता येतो, कारण ही पिकं कार्बन वेगळ्या वाटेने पचवतात आणि बहुतेक मकरंद देणारी झाडं त्या वाटेने जात नाहीत. हे कळल्यावर भेसळवाले तांदळाच्या आणि बीटच्या पाकाकडे वळले, जे त्या चाचणीत निसटतात. मग एनएमआर आलं. ते यंत्र मधाची संपूर्ण रासायनिक छबी काढतं आणि आधी साठवलेल्या खात्रीच्या नमुन्यांशी ताडून पाहतं. इथेच माझं म्हणणं परत येतं. त्या साठ्यात ज्या फुलाचा, ज्या प्रदेशाचा नमुनाच नाही, तो मध यंत्राला परका वाटणार. तिसऱ्या वर्षी मी मानकाची फक्त वरची ओळ वाचून जे केलं, तेच यंत्र जास्त रुबाबात करेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बाटलीवर ‘१०० टक्के शुद्ध’ छापण्याऐवजी फूल, प्रदेश आणि काढणीचा महिना छापणं बंधनकारक व्हावं. मिश्रण असेल तर तसं स्पष्ट लिहावं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मिश्र मधावर कोणत्या देशाचा किती टक्के हे लिहिणं सक्तीचं करणारा निर्देश काढला, तेवढी तरी सुरुवात आहे. आणि आपण पुढच्या पुरवणीत त्या चौथ्या ओळीची दुरुस्ती छापावी.

तो संत्र्याचा मधपाळ पुढेही नमुने पाठवत राहिला. मात्र नंतर प्रत्येक बाटलीच्या झाकणावर तो पेन्सिलीने माहिती लिहायचा. पुढच्याच हंगामातलं झाकण माझ्याकडे अजून आहे: ‘संत्रा. शेवटच्या आठवड्यात पाऊस. त्या दिवसांत माश्या आणखी कुठे गेल्या असतील तर मला माहीत नाही.’ त्या वेळी सुक्रोज ४ च्या आसपास आलं, आणि काचपट्टीवर संत्र्याच्या कणांच्या जोडीला कुठल्याशा गवतफुलाचे कण होते, जे मला शेवटपर्यंत ओळखता आले नाहीत. अहवालात मी तसंच लिहिलं.

आपली,
एक निवृत्त अन्न-विश्लेषक